पाया खणताना जुनी वस्ती लागली तर काय करायचं? ब्रह्मपुरी आणि कसबा बीडचा धडा

कोल्हापूर : घरकुल मंजूर होतं, जेसीबी येतो, पायाचे चर पडतात. तीन-चार फुटांखाली अचानक राखाडी माती लागते. तिच्यात खापराचे तुकडे, हाडं, काचेच्या बांगडीचा तुकडा, एखादी मोठी जुनी वीट. कधी जात्याचा फुटका दगड, तर कधी नाणं. करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ या भागात अशा गोष्टी ऐकल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही. पुढचं ठरलेलं असतं. माती ट्रॉलीत भरून कुठल्यातरी खड्ड्यात टाकली जाते, नाणं सापडलं तर ते गुपचूप सोनाराकडं जातं, आणि पायात काँक्रीट पडतं.

लोक असं का करतात, हे समजण्यासारखं आहे. "सरकारला कळलं तर जागा जाईल, घर अडेल" ही भीती असते. ती पूर्ण खोटी नाही, पण बऱ्याच अंशी चुकीच्या माहितीवर उभी आहे. आणि या भीतीपोटी आपल्याच गावाचा हजार वर्षांचा इतिहास ट्रॉलीतून जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. जुनी वस्ती म्हणजे काय, ती मातीत कशी ओळखायची, कायदा काय म्हणतो, आणि पाया खणताना काही लागलंच तर नेमकं काय करायचं.

ब्रह्मपुरीच्या टेकडीत काय सापडलं?

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला, पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. पन्हाळ्याकडून शहरात येणाऱ्याला नदी ओलांडली की ती लागते. दिसायला साधा उंचवटा. पण हा उंचवटा निसर्गानं केलेला नाही. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा घरं बांधली, राख, केर आणि माती साठत गेली. त्यातून तो तयार झाला.

१९४० च्या दशकात या टेकडीतून जुन्या वस्तू निघू लागल्या. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी त्याकडं लक्ष दिलं. त्यांना तिथं काशाच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. अभ्यासक आजही त्याला त्यांच्याच नावानं ओळखतात. त्यात भांडी होती, आरसा होता, हत्तीवर बसलेल्या माणसांची छोटी मूर्ती होती. आणि होती समुद्रदेव पोसायडनची मूर्ती. हा देव ग्रीक लोकांचा. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठी तो आला कुठून?

१९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनं ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं शास्त्रीय उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. खणताना खालच्या थरात सातवाहन काळाची वस्ती लागली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. विटांची घरं, त्या काळातल्या स्थानिक राजांची नाणी मिळाली. वरच्या थरांत नंतरच्या काळातल्या वस्तीच्या खुणा लागल्या, अगदी बहामनी काळापर्यंतच्या. बहामनी काळाच्या थरात रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले.

ही नाणी, ही घरं आणि तो साठा एकत्र पाहिला, तेव्हा पोसायडनचं कोडं सुटलं. सातवाहन काळात रोमन साम्राज्याशी जहाजांतून व्यापार चालायचा. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून वर यायचा. ब्रह्मपुरीचं गाव त्या व्यापाराशी जोडलेलं होतं.

आता असा विचार करा. हीच मूर्ती एखाद्या मजुराला मिळाली असती, त्यानं ती घरी नेली असती आणि पन्नास वर्षांनी ती बाजारात आली असती, तर? लोक म्हणाले असते, "इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं आणली असेल." मूर्ती तीच, पण कोल्हापूरबद्दल तिनं एक शब्दही सांगितला नसता. ती कुठं मिळाली आणि कशाबरोबर मिळाली, याची नोंद झाली म्हणून ती बोलली.

या वस्तू ठेवायच्या कुठं, या गरजेतूनच १९४६ मध्ये कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं. ते आधी ब्रह्मपुरीवरच होतं, १९४९ मध्ये टाऊन हॉलच्या इमारतीत आलं. सीपीआर दवाखान्याला गेलात तर समोरच टाऊन हॉल आहे. वेळ काढून आत जा. त्या वस्तू कुणा लांबच्या राजाच्या नाहीत, आपल्या पंचगंगेच्या काठच्या माणसांच्या आहेत.

शिलाहारांची देवळं दिसतात, गावं कुठं गेली?

सातवाहनांनंतर बऱ्याच काळानं, दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, कोल्हापूर भागावर शिलाहार राजांची सत्ता होती. इतिहासाचे अभ्यासक या काळाला पूर्व-मध्ययुग म्हणतात. स्वतःला महालक्ष्मीच्या कृपेनं वर मिळालेले राजे म्हणवणारं हे घराणं. शेवटचा मोठा राजा दुसरा भोज. त्याचा देवगिरीच्या यादव सिंघणानं इ.स. १२१२ च्या सुमारास पराभव केला आणि राज्य संपलं. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आणि पन्हाळा किल्ला पाहिला की हा काळ डोळ्यांसमोर येतो.

पण देऊळ आणि किल्ला म्हणजे सगळा समाज नाही. त्या काळात शेतकरी, कुंभार, तेली, लोहार, विणकर कसे राहत होते? त्यांची घरं केवढी होती? चूल कुठं होती, धान्य कशात ठेवत होते, खात काय होते?

याची थोडी माहिती शिलालेख आणि ताम्रपटांतून मिळते. राजा गंडरादित्याचा शके १०३२ चा, म्हणजे इ.स. १११० चा ताम्रपट आहे. त्यानं मिरज भागातल्या इरुकुडी गावी गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत या तिघांची स्थापना करून जमीन दिली, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे एका तळ्याच्या काठी शैव, बौद्ध आणि जैन असे तिन्ही देव.

कोल्हापुरात शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिरात राजा विजयादित्याच्या काळातला इ.स. ११४३ चा शिलालेख आहे. त्यात मंदिरासाठी शेत आणि बारा हात मापाचं एक घर दान दिल्याचं म्हटलं आहे. ते गाव अजिरगेखोल्ल भागातलं. आजच्या आजरा भागाचं ते जुनं नाव मानलं जातं. कागल तालुक्यातल्या बामणीच्या इ.स. ११५० च्या शिलालेखातही शेताबरोबर बारा हात घराचं दान आहे.

बारा हात म्हणजे साधारण अठरा फूट. आजच्या घरकुलाच्या मापाशी ताडून बघा. पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्या भागात दान देण्याजोगं घर म्हणजे बारा हात घर, इतकं लेख सांगतो आणि तिथं थांबतो. भिंत मातीची की विटांची, जमीन शेणानं सारवलेली की फरसबंद, छप्पर गवताचं की कौलांचं, हे लेखात नाही. ते फक्त मातीत आहे. आणि आज आपण जिथं गावठाणात पाया खणतो, बहुतेक वेळा तीच ती माती असते. कारण पाण्याच्या काठची, पुरापासून थोडी उंच, शेताला जवळची जागा तेव्हाही लोकांना हवी होती आणि आजही हवी आहे.

पांढरी ओळखायची कशी?

आपल्या जुन्या माणसांनी या गोष्टीला नाव देऊन ठेवलंय. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जमीन ती पांढरी. गावगाड्यात "काळी-पांढरी" असा जोडशब्दच आहे. वस्तीच्या मातीत शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, भिंतींची माती मिसळलेली असते, म्हणून तिचा रंग राखट, फिकट होतो. पुरातत्त्वाचे अभ्यासक महाराष्ट्रात जुन्या वस्त्या शोधताना आधी गावात हेच विचारतात, "तुमच्या गावात पांढरी कुठं आहे? पांढरीचं टेकाड कुठं आहे?"

जुन्या वस्तीच्या साध्या खुणा अशा :

- आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आणि भुसभुशीत, राखट मातीचं टेकाड. त्याला गावात "जुनं गाव" किंवा "ओसाड गाव" म्हणतात. आज तिथं कुणी राहत नसलं तरी नाव टिकलेलं असतं.
- नांगरट झाली की किंवा पहिल्या पावसानं माती धुतली की वर येणारी खापरं. एक-दोन नव्हे, ढिगानं.
- काचेच्या आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीचे किंवा दगडाचे मणी.
- आजच्या विटेपेक्षा बरीच मोठी, रुंद वीट.
- चर खणल्यावर कडेला दिसणारे रंगाचे पट्टे. एक राखेचा, एक पिवळ्या मातीचा, एक जळक्या लाल मातीचा.
- गावाच्या वेशीवर किंवा देवळाजवळ उभे असलेले वीरगळ आणि सतीशिळा.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली लढाई किंवा वीराचा मृत्यू, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना. वर चंद्र-सूर्य, म्हणजे आकाशात ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. असा दगड गावात असेल तर त्याच्या आजूबाजूला तेव्हा राहती वस्ती होती, याची ती मोठी खूण. अनेक गावांत हे दगड पायऱ्यांना, ओट्याला, धुणं धुवायला वापरले गेलेत. निदान आता तरी ते हलवू नका.

एका फुटात किती वर्षं?

पुरातत्त्वाचं सगळं शास्त्र एका साध्या गोष्टीवर उभं आहे. जे आधी पडलं ते खाली, जे नंतर पडलं ते वर. घरात भाकरीची चवड असते तशी माती थरावर थर चढते. सगळ्यात खालची भाकरी आधी भाजलेली.

म्हणून उत्खनन करणारे जेसीबी लावत नाहीत. ते चौकोनी खड्डे आखतात, लहान कुदळ, करणी आणि ब्रशनं एकेक थर काढतात, माती चाळतात. प्रत्येक वस्तूला ती कुठल्या खड्ड्यात, किती खोलीवर, कुठल्या थरात मिळाली याची चिठ्ठी लावतात. फोटो काढतात, नकाशा करतात. जळलेल्या धान्याच्या एका दाण्यावरून पीक कळतं. हाडांवरून जनावरं कळतात. खापराच्या घडणीवरून काळ कळतो. कोळशाचा तुकडा मिळाला तर प्रयोगशाळेत त्याचं वय काढता येतं. एकाच थरात नाणं आणि खापर एकत्र मिळालं तर नाण्यावरून खापराचा काळ ठरतो. पुढं तसलंच खापर दुसऱ्या गावात मिळालं, तर नाणं नसतानाही तिथला काळ सांगता येतो.

जेसीबीच्या एका बकेटमध्ये हे सगळे थर एकमेकांत मिसळतात. वस्तू तुटत नाही कदाचित, पण तिचा पत्ता हरवतो. पत्ता हरवलेली वस्तू कपाटात ठेवायला बरी. तिच्यावरून गावाचा इतिहास लिहिता येत नाही. आणि हे नुकसान भरून येत नाही. शेत एकदा चुकीचं नांगरलं तर पुढच्या साली सुधारता येतं. थर एकदाच उचकटता येतो.

कसबा बीड : सोनं सापडणारं गाव

करवीर तालुक्यातलं कसबा बीड सगळ्यांना माहीत आहे. पाऊस पडून गेल्यावर इथं शेतात, अंगणात, कधी घराच्या कौलांवर सोन्याची छोटी नाणी सापडतात. गावात त्याला बेडा म्हणतात. बातमी येते, फोटो फिरतात, "बीडमध्ये सोन्याचा पाऊस" असा मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो. गावकऱ्यांची परंपरा सांगते की इथं शिलाहार भोज राजाची राजधानी होती. गावात वीरगळांची संख्या मोठी आहे, जुनं शिवमंदिर आहे.

सोनं आकाशातून पडत नाही. जुन्या मोठ्या वस्तीच्या मातीत नाणी विखुरलेली आहेत. पावसानं माती धुतली की ती उघडी पडतात. जुन्या घरांच्या भिंती आणि कौलाखालचा थर याच गावच्या मातीचा, म्हणून तिथंही ती मिळू शकतात. म्हणजे नाणं हे लक्षण आहे. खरी ठेव त्याच्या खाली आहे, म्हणजे रस्ते, घरं, बाजार, देवळं यांचे पाये. नाण्यांची बातमी होते. पाये मात्र नव्या बांधकामात जातात आणि त्याची बातमी होत नाही.

नाणी-दागिने सापडले तर कायदा काय म्हणतो?

यासाठी १८७८ चा गुप्तधनाचा केंद्रीय कायदा आजही लागू आहे. सोप्या भाषेत त्याचे मुद्दे असे :

१. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कोणत्या तारखेला सापडलं, हे लिहायचं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची.

२. जिल्हाधिकारी नोटीस काढून चौकशी करतात. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ दडलेली असेल आणि तिचा कुणी मालक ठरत नसेल, तर ती बेवारस ठरते.

३. बेवारस ठरलेल्या धनात जागामालकानं हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर चारातले तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागामालकाला, अशी वाटणी मूळ कायद्यात आहे. सापडणारा मजूर असला तरी सापडणारा तोच. मुकादमानं किंवा मालकानं हे ध्यानात ठेवावं.

४. सरकारला ती वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल तर सरकार ती घेऊ शकतं. तेव्हा धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम मिळते.

५. कळवलं नाही, लपवलं, तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकालाही शिक्षा आहे.

म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या हातात कायदा काहीतरी ठेवतो आणि लपवणाऱ्याचं सगळं काढून घेतो. सोनाराकडं वितळवलेल्या नाण्याचे फक्त वजनाचे पैसे येतात, आणि पोलिसांचा धाक आयुष्यभर राहतो.

याशिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणं, कोरीव दगड ही पुरावस्तू. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. "चांगला भाव देतो" म्हणत गावात फिरणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हाला गुन्ह्यात ओढत असतो.

घर अडेल का? जागा जाईल का?

आता मुख्य भीतीकडं येऊ. कोल्हापूरकरांच्या मनात ती बसण्याचं कारण याच ब्रह्मपुरीजवळ घडलं.

ब्रह्मपुरीची टेकडी केंद्राची संरक्षित जागा आहे. २०१० मध्ये पुरातन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढं दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आली. पंचगंगेवरच्या पर्यायी शिवाजी पुलाचं काम या नियमात अडकलं. पूल अर्धवट उभा राहिला, आंदोलनं झाली, वर्षं गेली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. कायद्यात सुधारणेचं विधेयक त्याच महिन्यात लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत ते पुढच्या समितीकडं गेलं. पुढं पुलाचं काम पूर्ण झालं आणि आता वाहतूक त्यावरून सुरू आहे.

या घटनेनं लोकांचा राग झाला आणि तो रास्त होता. वारसा जपायचा म्हणजे माणसाचा जीव टांगणीला लावायचा, असा अर्थ होता कामा नये. सार्वजनिक गरजेच्या कामाला वेळेत उत्तर देणं ही सरकारी खात्याची जबाबदारी आहे.

पण या उदाहरणावरून "खापर सापडलं की शंभर मीटर बंद" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. शंभर मीटरची मनाई लागते ती अधिसूचना काढून संरक्षित केलेल्या स्मारकाला. पायात खापरं किंवा नाणी लागली म्हणून तुमची जागा आपोआप संरक्षित होत नाही. केंद्र सरकारला एखादी जागा संरक्षित करायची असेल तर आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते. त्या मुदतीत ज्याचा संबंध आहे त्याला हरकत घेता येते आणि तिचा विचार करावा लागतो. गावागावांतल्या पांढऱ्या अशा संरक्षित नाहीत. बहुतेक वेळा कळवल्यानंतर होतं ते इतकंच, की जाणकार येतात, पाहणी करतात, नोंदी आणि फोटो घेतात, वस्तू ताब्यात घेतात.

तुमची जागा आधीपासून संरक्षित स्मारकाजवळ असेल, जसं खिद्रापूरला कोपेश्वराच्या शेजारी किंवा पन्हाळ्यावर, तर मात्र खणण्याआधीच परवानगीची चौकशी करा. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी मागावी लागते. काम सुरू करून नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

इतर देशांत काय करतात?

इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या धोरणात असं आलं की इमारत किंवा वसाहत उभी करण्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का ते तपासायचं, आणि त्याचा खर्च बांधणाऱ्यानं उचलायचा. युरोपातल्या देशांनी १९९२ मध्ये याच तत्त्वावर करार केला. त्यामुळं तिकडं घरांच्या वसाहतीआधी काही आठवडे उत्खनन होतं, नोंद होते आणि मग घरं उभी राहतात. घरंही होतात आणि इतिहासही राहतो. राजांच्या महालांबाहेरची साधी मध्ययुगीन गावं, शेतकऱ्यांच्या झोपड्या, विहिरी तिथं मोठ्या प्रमाणात अशाच कामांतून उजेडात आल्या.

आपल्याकडं साध्या गावठाणात अशी सक्ती नाही. आणि गरीब माणसाच्या घरकुलावर तसला खर्च टाकणंही बरोबर नाही. पण गावठाण विस्तार, मोठी प्लॉटिंगची कामं, सरकारी वसाहती, रस्ते यांच्या आधी पांढरीच्या टेकाडाची एकदा पाहणी करून घेणं अवघड नाही. ही मागणी ग्रामसभेत ठराव करून करता येते.

पाया खणताना काही लागलं तर : सहा पायऱ्या

१. जेसीबी थांबवा. सगळं काम बंद करायची गरज नाही. जिथं वस्तू लागली तेवढा भाग सोडा, बाकीकडं काम चालू ठेवा.

२. हलवण्याआधी फोटो काढा. वस्तू मातीत असताना, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. मग चराच्या कडेचा फोटो, ज्यात मातीचे पट्टे दिसतील. मग लांबून, घर आणि रस्ता दिसेल असा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा.

३. खोली मोजा आणि लिहा. जमिनीपासून किती फूट, चराच्या कुठल्या टोकाला, तारीख, कुणाला सापडलं.

४. धुवू नका, घासू नका. नाण्यावर लिंबू, चिंच, राख लावू नका. अक्षरं जातात. मूर्तीला तेल-शेंदूर लावून पूजेला बसवण्याआधी निदान एकदा जाणकाराला दाखवा.

५. लेखी कळवा. गावच्या तलाठ्यामार्फत किंवा थेट तहसीलदार, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीलाही सांगा. पोच हाच तुमचा बचाव आहे.

६. जाणकाराला बोलवा. टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं आहे. शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांच्याकडंही विचारणा करता येते.

खापरं, विटा, मणी यांना बाजारात किंमत नाही म्हणून ते फेकू नका. काही वेळा सोन्याच्या नाण्यापेक्षा राखेतलं जळकं ज्वारीचं कणीस जास्त सांगून जातं. आणि व्हॉट्सअॅपवर "अमक्याच्या पायात हंडा सापडला" असा मजकूर फिरवू नका. त्यानं रात्री खणणारे येतात, मालकाला त्रास होतो, आणि उरलेले थरही उचकटले जातात.

गावानं काय करावं?

प्रत्येक ग्रामपंचायतीला तीन कामं बिनखर्चाची आहेत. गावातल्या पांढरीच्या टेकाडाची जागा नोंदवून ठेवा. वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, जुन्या विहिरी यांचे फोटो आणि ठिकाणं एका वहीत लिहा. आणि शाळेतल्या पोरांना वर्षातून एकदा ते दाखवा. सत्तरी-ऐंशीतली जी माणसं "इथं आधी गाव होतं" असं सांगतात, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं गेली की जागेचं नावही जातं.

ब्रह्मपुरीबद्दल आपल्याला जे कळलं, ते वेळेत कुणीतरी माती हलवायचं थांबवून लिहून ठेवलं म्हणून. शिलाहारांच्या बारा हात घराबद्दल अजून कळायचंय. ते घर कदाचित तुमच्याच गावच्या पांढरीत, तीन फुटांखाली असेल. तुमचं घर त्यावर बांधा, जरूर बांधा. फक्त पाया भरण्याआधी खालच्या घराचे चार फोटो काढा, दोन ओळी लिहा आणि एक अर्ज द्या.